हद्दीपलीकडचं मैदान : एका मालिकेचं चौथं पर्व आणि आमचं अडलेलं दुसरं पर्व

"मग काय, पुण्याला पाठवू या."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वरच्या मजल्यावरच्या खोलीत रविवारी आमचा पटकथेचा वर्ग भरतो. सात जण. कुणी कॉलेजातलं, कुणी बँकेतलं, एक शाळेतल्या बाई, आणि सगळ्यांत मोठे म्हणजे केएमटीतून, म्हणजे शहर बससेवेतून, निवृत्त झालेले कंडक्टर मामा. या सात जणांनी मिळून एका मराठी वेब मालिकेचे आठ भाग लिहून काढले होते. बारावीतली पाच पोरं, पेठेतली एक (काल्पनिक) तालीम, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेलं गल्लीचं मंडळ, तिचा फुटबॉल संघ आणि शेवटच्या भागात बारावीचा निकाल. आठ भाग खरोखर बरे उतरले होते. अडलं ते पुढं. निकाल लागला, आता दुसऱ्या पर्वात पोरांचं करायचं काय?

तेव्हा ते पुण्याचं उत्तर आलं. एकाला इंजिनिअरिंगला, एकाला स्पर्धा परीक्षेला, मुलीला फर्ग्युसनला. कोल्हापुरातल्या कुठल्याही बारावीचं हेच उत्तर असतं, त्यामुळं ते खोटं आहे असं मला म्हणता येईना. पण पोरं पुण्याला गेली की तालमीचा कट्टा, रंकाळ्याची संध्याकाळ, बापाचं दुकान हे सगळं फोनवरच्या आवाजापुरतं उरणार. पहिल्या पर्वात जे जे जिवंत होतं ते दुसऱ्यात 'हॅलो, जेवलास काय' एवढ्यावर येणार.

म्हणून पुढचे तीन रविवार लिहिणं बंद ठेवलं आणि एकच प्रकरण अभ्यासाला घेतलं : 'फ्रायडे नाइट लाइट्स' या अमेरिकन मालिकेचं चौथं पर्व. हे टिपण त्या तीन रविवारांचं आहे.

अडचण सगळ्यांचीच

किशोरवयीन मुलांच्या मालिकेला एक जन्मजात रोग असतो. तिचे नायक शाळेत असतात आणि शाळा संपते. पोलिसांची मालिका वीस वर्षं चालू शकते, डॉक्टरांची चालू शकते. दहावी-बारावीतलं पोरगं मात्र वीस वर्षं दहावी-बारावीत राहू शकत नाही (आमच्या गल्लीत एकानं प्रयत्न केला होता, तो विषय वेगळा).

यावर लोकांनी नाना उपाय केलेत. 'डॉसन्स क्रीक' १९९८ ते २००३ अशी सहा पर्वं चालली. पाचव्या पर्वात तिनं आपली मंडळी खाडीकाठच्या गावातून उचलून बोस्टनला कॉलेजात नेली. म्हणजे आमचंच पुणं. 'ग्ली'नं चौथ्या पर्वात कथा दुभंगली, अर्धी ओहायोतल्या शाळेत, अर्धी न्यूयॉर्कात. 'रिव्हरडेल'नं पाचव्या पर्वात सरळ सात वर्षं गाळली. ब्रिस्टलमधल्या 'स्किन्स'चा उपाय सगळ्यांत निर्दय : दर दोन पर्वांनी जवळजवळ सगळी पोरं बदलायची. वर्गातल्या बाईंना हा उपाय एकदम पटला. त्या म्हणाल्या, शाळेत आम्ही दरवर्षी तेच करतो, जुनी बॅच जाते, नवी येते, पहिले पंधरा दिवस जड जातात इतकंच.

बाईंचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण उत्तर त्यातच होतं. बॅच जाते, पण बाई राहतात.

२००९ साली हाती काय होतं

आधी थोडं मागचं. मालिका टेक्सासमधल्या डिलन या काल्पनिक गावाची. चित्रीकरण ऑस्टिन आणि आसपासचं. शाळेचा संघ शुक्रवारी रात्री सामना खेळतो आणि अख्खं गाव मैदानावर असतं. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लांबट चेंडू, हेल्मेट, अंगावर धडका. आपल्या फुटबॉलशी त्याचं नातं अकरा खेळाडू आणि नाव एवढंच. पण ज्यानं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या संघांचा सामना एकदा तरी बघितलाय, त्याला डिलनचं वेड समजावून सांगावं लागत नाही. वर्गात ते सांगायला माझं एक मिनिटही गेलं नाही.

पहिलं पर्व २००६ मध्ये एनबीसी वाहिनीवर आलं, २२ भागांचं. समीक्षक खूश, प्रेक्षक थोडे. दुसऱ्या पर्वात वाहिनीला खिळवून ठेवणारं काहीतरी हवं असावं असं वाटतं, कारण लँड्री नावाच्या साध्यासुध्या अभ्यासू पोराच्या हातून एक खून करवला गेला. मालिकेच्या चाहत्यांपुढं आजही हा विषय काढला की ते तोंड फिरवतात. त्यातच अमेरिकेतल्या लेखकांचा संप झाला आणि ते पर्व १५ भागांवर तुटलं. मालिका बंदच पडायची, पण डायरेक्टटीव्ही या उपग्रह सेवेनं खर्चात वाटा उचलला. अट अशी की भाग आधी त्यांच्याकडं दिसणार, मग काही महिन्यांनी एनबीसीवर. तिसरं पर्व असं निघालं, १३ भागांचं. २००९ च्या वसंतात आणखी दोन पर्वांचा करार झाला, प्रत्येकी १३ भाग.

बँकेतल्या आमच्या विद्यार्थ्यानं इथं बरोबर बोट ठेवलं. 'सर, ह्यांच्या हातात एफडी होती.' अगदी तसंच. पुढचे २६ भाग नक्की आहेत हे मालिकेचे प्रमुख लेखक जेसन केटिम्स यांना आधीच ठाऊक होतं. दर आठवड्याला आकडे बघत जगणारी मालिका खून घडवते. ज्याला २६ भागांची खात्री असते, तो संघाला सलग हरवू शकतो.

पण अडचणही मोठी होती. तिसऱ्या पर्वाअखेर ओळखीचे बरेच चेहरे शाळेबाहेर पडले होते. उरले होते कोच एरिक टेलर, त्याची बायको टॅमी, मुलगी ज्युली आणि एक-दोन पोरं.

रेषा

त्यांनी पोरांना कुठं हलवलं नाही. त्यांनी गावातून एक रेषा मारली.

तिसऱ्या पर्वाच्या शेवटाकडं शिक्षण मंडळ ठरवतं की बंद पडलेली ईस्ट डिलन शाळा पुन्हा सुरू करायची. गावाचे दोन भाग पडतात, आणि कुठल्या घरातलं पोर कुठल्या शाळेत जाणार हे पत्त्यावरून ठरतं. पँथर्स या जुन्या संघाच्या पैसेवाल्या पाठीराख्यांनी अर्थातच ती रेषा आपल्या सोयीची करून घेतलेली असते. चांगले खेळाडू पश्चिमेला, पैसा पश्चिमेला, चकचकीत मैदान पश्चिमेला. वर एका श्रीमंत बापाच्या डावपेचानं टेलरचीच पँथर्समधून गच्छंती होते आणि त्याला देऊ केली जाते ईस्ट डिलन : गवत वाळलेलं मैदान आणि लायन्स नावाचा संघ, जो अजून अस्तित्वातच नाही. त्या पडक्या मैदानावर नवरा-बायको उभे आहेत, तिथं तिसरं पर्व संपतं.

अमेरिकेतली सरकारी शाळा पत्त्यावर ठरते, हे वर्गाला आधी चमत्कारिक वाटलं. आपल्याकडं अकरावीला गुणवत्ता यादी बघतात. मग बाईंनीच आठवण करून दिली की आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के प्रवेशात घरापासून शाळेचं अंतर बघतात, एक किलोमीटरच्या आतले आधी, मग तीनपर्यंतचे. आणि त्या एका किलोमीटरसाठी भाडेकरार कसे 'तयार' होतात तेही त्यांनी सांगितलं. ल्यूक कॅफर्टी या पोराची गोष्ट मग कुणाला समजावावी लागली नाही. तो पँथर्सचा नवा चमकता खेळाडू. त्याचा पत्ता पश्चिमेचा, पण त्या पत्त्यावर आहे नुसती मोकळी जागा आणि तिच्यापुढं रोवलेली पत्रपेटी. टॅमी तेव्हा पश्चिमेच्या शाळेची मुख्याध्यापिका. तिला हे कळतं आणि ती त्याला नियमाप्रमाणे ईस्टला, म्हणजे आपल्याच नवऱ्याच्या संघात, धाडते. गाव काय म्हणणार हे सांगायला नको.

लेखनाच्या दृष्टीनं मला या पर्वातली सगळ्यांत हुशार गोष्ट हीच वाटते. रेषा मैदानावर असती तर ती क्रीडामालिका झाली असती. ती टेलरच्या घरातून जाते. सकाळी एकाच ओट्यावर कॉफी पिणारे दोघं अर्ध्या तासानं एकमेकांच्या विरोधातल्या दोन संस्था चालवायला निघतात. मोठा प्रसंग घडवावा लागत नाही, नुसता नाश्ता दाखवला तरी ताण असतो. टिपण्याची पद्धतही तशीच होती. हातात धरलेले तीन कॅमेरे एकाच वेळी चालू, आधी सराव जवळजवळ नाही, नटांना उभं राहायच्या खुणा नाहीत, आणि संवादात थोडं इकडंतिकडं करायची मोकळीक. ओट्यावरचं भांडण त्यामुळं घरातल्या भांडणासारखंच एकमेकांना तोडत, अर्धवट चालतं.

पहिल्याच भागात लायन्सचा पहिला सामना. नवशिक्या पोरांना इतका मार बसतो की मध्यंतरात टेलर सामना सोडून देतो. पोरं रक्तबंबाळ आहेत आणि त्यांना पुन्हा आत पाठवणं त्याला शक्य नाही. गंमत म्हणजे त्याच्यावर सगळ्यांत जास्त चिडतात ती हीच मार खाल्लेली पोरं. आम्ही हरलो असतो, पण तू आम्हाला हरू दिलं नाहीस, असा तो राग. कॉलेजातला आमचा एक पोरगा स्वतः गोलकीपर आहे. तो म्हणाला, 'मला पण राग आला असता. आठ गोल खाईन, पण मैदान सोडणार न्हाई.' या मुद्द्यावर वर्गाचा पाऊण तास गेला. मामांचं मत उलटं होतं, पोरगं जायबंदी झालं तर उद्या त्याच्या आईपुढं कोण उभं राहणार? टेलर बरोबर की चूक हे शेवटपर्यंत ठरलं नाही, आणि पर्वही ते ठरवत नाही. पर्वाचा पहिलाच भाग नायकाला संशयास्पद करून सोडतो, एवढं मात्र सगळ्यांनी टिपून घेतलं.

नवी पोरं, जुनी पोरं

नव्यांत मुख्य व्हिन्स हॉवर्ड, मायकेल बी. जॉर्डन या नटानं केलेला. पोलिसांच्या तावडीतून मैदानावर आलेला, घरी नशेच्या आहारी गेलेली आई. जेस मेरीवेदर, जिचा बाप व्हर्जिल बार्बेक्यूचं हॉटेल चालवतो आणि एके काळी स्वतः ईस्ट डिलनचा खेळाडू होता. हा बाप मला फार आवडतो. बंद पडलेल्या शाळेला भूतकाळ आहे हे एकट्या त्याच्यामुळं कळतं, भाषणाशिवाय.

जुन्यांतला टिम रिगिन्स कॉलेजात जातो आणि लगेच परततो. पहिल्याच भागात तो चालत्या गाडीतून पुस्तकं रस्त्यावर भिरकावतो. कॉलेज पर्व टाळण्याचा याहून थोडक्यात जाहीरनामा मी पाहिलेला नाही. पुढं भावाबरोबर गॅरेज काढतो, त्या गॅरेजात चोरीच्या गाड्या सुट्या केल्या जातात, आणि शेवटी भावाला नुकतंच मूल झालंय म्हणून सगळा गुन्हा स्वतःवर घेऊन तुरुंगात जातो.

मॅट सेरेसन हा पँथर्सचा जुना क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सूत्रधार. गावातच अडकलेला, घरोघर पिझ्झा पोचवणारा. पाचव्या भागात इराकमध्ये सैन्यात असलेल्या त्याच्या बापाच्या मृत्यूची बातमी येते. बापाशी त्याचं कधी जमलं नव्हतं. लोक येऊन बापाची थोरवी सांगतात आणि त्याला ती ऐकवत नाही. पेटी बंद आहे, तरी तो आत काय आहे ते बघायचा हट्ट धरतो. आणि दफनाच्या वेळी फावडं हातात घेऊन स्वतः माती लोटत राहतो. 'द सन' (मुलगा) नावाचा हा भाग रोलिन जोन्स यांनी लिहिला आणि त्याला लेखनाच्या एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं.

भाग संपल्यावर वर्गात दिवा कुणी लावला नाही. कोल्हापूर-सातारा पट्ट्यात सैन्यातला माणूस नसलेलं घर शोधावं लागतं. बँकेतल्या पोराचे चुलते फौजेत होते. तो एवढंच म्हणाला की घरी आलेल्या पेटीवर तिरंगा असतो आणि घरातल्या माणसाला रडायलासुद्धा लोकांची परवानगी लागते. पटकथेबद्दल त्या दिवशी आणखी काही बोलणं झालं नाही.

बडी गॅरिटीवर कुणी विश्वास ठेवेना

बडी हा गाड्यांचा विक्रेता, पँथर्सचा सगळ्यांत मोठा पाठीराखा. जगणं म्हणजे पँथर्स. पण नव्या मंडळींची दादागिरी असह्य होऊन तो चौथ्या पर्वात पँथर्स सोडतो आणि लायन्सच्या मागं उभा राहतो. पडद्यावर हे गोड वाटतं. आमच्या वर्गात बंड झालं.

'शक्यच नाही,' गोलकीपर म्हणाला. 'खेळाडू जाईल, माणूस जाणार न्हाई.'

त्याचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं होतं. आपल्याकडं खेळाडू एका हंगामात एका तालमीकडून आणि पुढच्या हंगामात दुसरीकडून खेळतो, यात आता नवल राहिलेलं नाही. बाहेरगावचे, अगदी आफ्रिकेतून आलेले खेळाडूही इथल्या संघांत खेळून गेलेत. आपल्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताकडून १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, तेव्हा त्याची तालीम कुठली हे न विचारता सगळ्या पेठांनी टाळ्या वाजवल्या. पण गॅलरीत बसणारा माणूस? त्याची तालीम म्हणजे त्याचा गणपती, त्याचा आखाडा, त्याची गल्ली. फुटबॉल त्याला नंतर चिकटला. शाहू महाराजांच्या काळापासून या शहरात तालीम ही कुस्तीची जागा, १९१२ चं खासबाग मैदान त्याच वेडातून उभं राहिलं. संघ बदलायचा तर आधी घर बदलावं लागेल, आणि घर बदललेली माणसंसुद्धा सामन्याला जुन्याच पेठेत बसतात.

मामांनी हळूच एक फरक दाखवला. डिलनमध्ये संघ शाळेचा आहे आणि शाळा सरकारची. सरकारनं रेषा मारली की संघ दुभंगतो. तालीम मात्र लोकांनी बांधलेली, तिच्यावर रेषा मारायचा अधिकार कुणाकडं आहे? हे ऐकून मला माझी चूक कळली. तोपर्यंत मी वर्गाला सांगत होतो की असाच एक कोच घ्या, त्याला तालमीतून काढा, पलीकडच्या संघाला द्या. ती नुसती नक्कल झाली असती. शिवाय आपल्याकडं कोच बदलणं ही शोकांतिका नाही, नित्याची बाब आहे.

पर्वाचं काय झालं, आणि काय फसलं

पर्व २८ ऑक्टोबर २००९ पासून डायरेक्टटीव्हीवर दिसलं, एनबीसीवर २०१० च्या मे महिन्यात. शेवटच्या भागात लायन्स पँथर्सना हरवतात, शेवटच्या क्षणी लँड्रीच्या किकवर. मागच्या खुनाचं ओझं वाहणाऱ्या पोराला लेखकांनी अशी भरपाई दिली असं मी समजतो. बाकी हंगामात लायन्स बहुतेक हरलेलेच असतात, म्हणून तो एक विजय खोटा वाटत नाही. टॅमी मात्र हरते. ल्यूकपासून गरोदर राहिलेली बेकी ही शाळकरी पोरगी सल्ल्याला येते तेव्हा टॅमी तिच्यापुढं सगळे पर्याय ठेवते. बेकी गर्भपात करते, ल्यूकची आई तक्रार करते, आणि टॅमी माफी मागायला नकार देते. मुख्याध्यापकपद जातं, ती ईस्ट डिलनला समुपदेशक होते. म्हणजे रेषा ओलांडून नवऱ्याच्या बाजूला येते, पण पदाची किंमत मोजून. पुढच्या, शेवटच्या पर्वानंतर २०११ मध्ये काइल चँडलर यांना टेलरच्या भूमिकेसाठी आणि केटिम्स यांना लेखनासाठी एमी मिळाली.

फसलं तेही सांगतो. तीन पर्वं आपण डिलन बघत होतो आणि गावाचा हा गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय भाग जवळजवळ दिसलाच नव्हता. चौथ्या पर्वात तो एकाएकी उगवतो, जणू शिक्षण मंडळानं रेषा मारली तेव्हाच तिथं वस्ती झाली. बाईंना हे खटकलं, मलाही खटकतं. व्हिन्सच्या बंदूक आणि गुन्हेगारी मित्रांच्या उपकथानकात लेखक दुसऱ्या मालिकांकडून उसनं घेतात असंही वाटत राहतं.

आमची रेषा

तिसऱ्या रविवारी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : कोल्हापुरातून रेषा जाते कुठून?

उत्तर यायला वेळ लागला नाही. हद्दवाढ. १९७२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि हद्द वाढवायची की नाही यावर तेव्हापासून शहर आणि भोवतालची गावं समोरासमोर उभी आहेत. पाचगाव, कळंबा, उचगाव ही नावं दर वेळी यादीत येतात आणि गावं दर वेळी विरोधात उतरतात. शहरात एक कृती समिती, गावांत दुसरी. रस्त्याच्या एका बाजूला पालिकेचा नळ, दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायतीचा. पोरं मात्र दोन्हीकडची एकाच मैदानावर.

कॉलेजातली मुलगी म्हणाली की हद्दवाढीवर मालिका काढली तर तिची आजीसुद्धा चॅनल बदलेल. खरं आहे, म्हणून शब्द उच्चारायचाच नाही असं ठरलं. आमच्या पाच पोरांपैकी एक हद्दीबाहेरचा निघाला, जे पहिल्या आठ भागांत आम्ही कधी सांगितलंच नव्हतं (डिलनचीच चूक, पण आमच्या पदरात). त्याचा बाप गावच्या समितीत. तालमीतली मोठी माणसं शहराच्या समितीत. अंतिम सामन्याच्या दिवशी गाव बंद. पुण्याला एकच जण जाणार, आणि तोही दर शनिवारी परत येणार, कारण कोल्हापूरचा माणूस येतोच.

पहिला प्रसंग मामांनी लिहून आणला, वहीच्या पाठपोट एका पानावर. सराव संपतो, पोरं घोळक्यानं स्टॉपकडं निघतात. हा एकटा 'चहा पिऊन येतो' म्हणून मागं राहतो आणि चालत पुढच्या स्टॉपवर जाऊन गाडी पकडतो. कारण गाडीवर गावाच्या नावाची पाटी असते आणि ती संघातल्या कुणी वाचलेली त्याला नको आहे. असं रोज करणारं एक पोरगं आपण पाहिलं होतं, असं मामा म्हणाले. कुठल्या मार्गावर ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

कोचनं स्कूटरवरून जाताना त्याला त्या स्टॉपवर उभं बघायचं की नाही, यावर अजून वाद चालू आहे. चार जण म्हणतात बघावं. मामांचं म्हणणं, कोचला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.